सारजाबाईचे दहा मार्क

सारजाबाईच्या दारात कधी सायकलसुद्धा उभी राहिली नव्हती, पण गेल्या दोन वर्षांत तिनं एकोणीस मोटारींच्या सर्व्हिसिंगला दहापैकी दहा मार्क दिले होते. कधी ती कुलकर्ण्यांच्या घरून बोलायची, कधी पठाणांच्या, एकदा तर ती एका डॉक्टरीणबाईंची सासू झाली होती. शेळीपुढं पाला टाकताना फोन वाजला की पदराला हात पुसून ती म्हणायची, "व्हय, बोला. गाडी एकदम झ्याक चालती. दहा." आणि फोनवरच्या पोरीनं पुढचं काही विचारायच्या आत हीच विचारायची, "जेवलीस का गं पोरी?"

उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच. यातला उंदीर म्हणजे तिचा लेक गोकुळ.

गोकुळ वैजापूर तालुक्यातला. दहावीनंतर आयटीआय केला, मोटार मेकॅनिकचा, आणि संभाजीनगरला जालना रोडवरच्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागला. तिथं त्याला साहेबरावांच्या हाताखाली दिलं. साहेबराव म्हणजे तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. इंजिनावर नुसता तळवा ठेवून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस, आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर पगार एकोणीस हजार. सारजाबाई एसटीच्या कंडक्टरकडं भाकरी-ठेच्याचा डबा द्यायची तो दोघांचा असायचा. गावच्या जत्रेला उस्ताद दोनदा येऊन तिच्या चुलीपुढं जेवून गेले होते.

सहा वर्षं ऑइलात काढल्यावर गोकुळला बढती मिळाली. का, तर त्याला बोलता येतं. पांढरा शर्ट, गळ्यात टाय, हातात टॅब, आणि नाव 'सर्व्हिस अॅडव्हायझर'. टाय बांधल्यापासून त्याची भाषाही इस्त्रीची झाली. गिऱ्हाइकांशी तो 'नाही सर, होऊन जाईल सर' असं बोलायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये गेला की 'आवरा की वो लवकर' म्हणायचा. शेड आणि लाउंज यांच्यात एक काच होती. काचेच्या अलीकडं एसी, सोफे, कॉफीचं यंत्र. पलीकडं मार्चमध्येच तापलेला पाना हातात धरवत नसे. मिस्त्र्यांनी लाउंजमधलं थंड पाणी प्यायचं नाही, असा नियम होता. का म्हणाल, तर त्यांच्या बुटांचे काळे ठसे फरशीवर उमटतात. गाडीला ओरखडा आला तर पगारातून कापायचे. बुटांचे ठसे, गाडीचे ओरखडे, सगळ्याचा हिशोब मिस्त्र्यांच्याच डोक्यावर.

अॅडव्हायझरचं दुखणं वेगळं. पगार सोळा हजार, आणि वरचे सात हजार गिऱ्हाइकाच्या जिभेवर. गाडी नेल्यावर तिसऱ्या दिवशी कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून गिऱ्हाइकाला फोन जातो, किती मार्क द्याल म्हणून. दहा दिले तर ठीक. नऊ दिले तरी चालून जातं. आठ दिले की शून्य. आता सांगा, कुठल्या शाळेत आठ मार्कांचा पोरगा नापास होतो? आपल्याकडं माणूस मनापासून खूष झाला की म्हणतो, "चांगलं केलंत हो, आठ द्या." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्या आठामुळं कुणाच्या पोरीच्या शाळेची फी थांबली. म्हणून सगळे अॅडव्हायझर गाडीची किल्ली देताना हात जोडायचे, "सर, फोन येईल, दहाच सांगा." आणि जे गिऱ्हाईक चिडून गेलंय, ते दहा सांगणार नाही हे दिसतच असे. अशा वेळी बिल करताना कॉम्प्युटरमध्ये त्याचा नंबर काढायचा आणि आपल्या घरच्या कुणाचा तरी टाकायचा. ही युक्ती गोकुळची नव्हे. त्याच्या आधी बसणाऱ्याची होती, आणि त्याच्याही आधीच्याची. कुणाची मेव्हणी, कुणाची मावशी. गोकुळनं आई ठेवली.

सारजाबाई सुरवातीला म्हणाली होती, "अरं, पण हे लबाडीचं नव्हं का?"

"कुणाचं काय जातं त्यात? माझा पगार तेवढा वाचतो."

"बरं बाबा," ती म्हणाली. "खोटंच बोलायचं तर मोजून दहा तरी बोलू."

तो शनिवार मार्चअखेरचा होता. टार्गेट पुरं करायचं म्हणून रोजच्या आठ गाड्यांच्या जागी साहेबरावांच्या वाट्याला तेरा आल्या होत्या. अकरावी गाडी मुकुंदरावांची, बँकेतून निवृत्त झालेल्या, उस्मानपुऱ्यात राहणाऱ्या गृहस्थांची. दोन तासांत देतो म्हणून सांगितलेल्या गाडीला चार तास झाले होते. ते लाउंजमध्ये उभेच होते, बसायलाही तयार नव्हते. "अहो, उद्या सकाळी फर्दापूरला भाचीची वास्तुशांत आहे, मला अजून बाजारात जायचंय. तुमच्याकडं वेळेला काही किंमत आहे की नाही?" त्यांचा आवाज चढला तसे दुसरी गिऱ्हाइकंही माना वळवून बघायला लागली.  हे काही दहा देत नाहीत, हे गोकुळनं तेव्हाच ओळखलं.

तो धावत शेडमध्ये गेला. साहेबरावांनी ब्रेक साफ करून पुढचं डावं चाक बसवलं होतं. नट हातानं फिरवून ठेवले होते. ते मापात आवळायचा पाना अख्ख्या शेडमध्ये एकच. दुसरा आठ महिन्यांपूर्वी तपासणीला गेला तो गेलाच. साहेबराव तो पाना आणायला पलीकडच्या टोकाला गेले होते. गोकुळला वाटलं, चाक बसलंय म्हणजे काम झालंय. त्यानं वॉशिंगच्या माणसाला हाक मारली, "ही घे, पाणी मारून लगेच दारात आण." सहा वर्षं उस्तादांच्या हाताखाली काढलेला माणूस तो. नटावर आवळल्याच्या खुणेचा पिवळा ठिपका असला तरच गाडी हलवायची, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्यानं ठिपका बघितला नाही. बिल काढलं, नंबर बदलला, किल्ली दिली. मुकुंदराव गाडी घेऊन गेले.

साहेबराव पाना घेऊन आले तर जागेवर बारावी गाडी. धुवायला नेलीय, परत आणतील, असं धरून ते तिच्याखाली शिरले. सहाच्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की ती गाडी आलीच नाही. हातातलं काम टाकून ते तसेच, ऑइलाच्या बुटांनी, लाउंजच्या फरशीवरून फोनवर बसणाऱ्या मेघाकडं गेले. "पोरी, त्या गाडीवाल्यांना आत्ताच्या आत्ता फोन लाव. डाव्या चाकाचे नट ढिले हायत म्हणून सांग. माझी चूक हाय, पगार कापला तर कापू दे." मेघानं फोन लावला, बोलली, आणि म्हणाली, "सांगितलं काका. त्यांच्या घरच्या बाई होत्या, कळवते म्हणाल्या." साहेबरावांनी कपाळाचा घाम पुसला आणि ते तेराव्या गाडीकडं वळले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत झाली होती, पण ते त्यांना कसं कळावं?

पाच मिनिटांनी गोकुळचा फोन वाजला. आई होती.

"गोकुळ, ती पोरगी आज काय तरी चाकाचं म्हणत व्हती रं. अन् म्हणली का—"

समोर गिऱ्हाईक उभं होतं. "स्कीम असंल काय तरी, अलाइनमेंटची. तू दहा सांगितले ना?"

"सांगितले की."

"बास मग," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी सिल्लोडच्या पुढं मुकुंदरावांच्या गाडीचं चाक निखळलं. गाडी रस्ता सोडून मक्याच्या शेतात गेली. समोरून ट्रक येत नव्हता म्हणून दोन जीव वाचले. मुकुंदरावांना खरचटलं. यमुनाबाईंचा, त्यांच्या पत्नीचा, उजवा हात मनगटाजवळ दोन ठिकाणी मोडला.

सोमवारी मुकुंदराव आले तेव्हा ओरडत नव्हते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. मॅनेजर हिमांशू, गोकुळहून चार वर्षांनी लहान, त्यानं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबराव पुढं होऊन म्हणाले, "नट आवळायचे माझ्याकडून ऱ्हायले. सहा वाजता ध्यानात आलं तसा फोन करायला लावला साहेब."

"कुणाला फोन केलात?" मुकुंदराव म्हणाले. "मला एकही फोन आलेला नाही."

"रेकॉर्डिंग आहे सर," हिमांशू म्हणाला आणि त्यानं कॉम्प्युटरवर बोट दाबलं.

केबिनमध्ये मेघाचा आवाज आला, "मुकुंदरावांच्या घरून बोलताय का?" आणि मग, त्या थंडगार खोलीत, गोकुळची आई बोलली.

"व्हय, त्यांच्याच घरून. गाडी एकदम झ्याक. दहा."

"मार्कांचं नाही हो ताई. पुढच्या डाव्या चाकाचे नट ढिले राहिलेत. गाडी चालवू नका, आम्हाला कळवा, माणूस पाठवतो. सांगाल ना साहेबांना?"

"व्हय व्हय, सांगते. तक्रार काय बी नाय. जेवलीस का गं पोरी?"

 धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात तसं गोकुळला झालं, पण तिथं फरशी होती, आणि ती चकचकीत पुसलेली होती. पुन्हा लावा, असं मुकुंदराव म्हणाले. हिमांशूनं पुन्हा लावलं. आई पुन्हा तितक्याच मायेनं बोलली.

"ही बाई माझ्या घरातली नाही," मुकुंदराव म्हणाले. "माझ्या घरात मी आणि माझी बायको. नंबर दाखवा मला."

पडद्यावर नंबराचे शेवटचे चार आकडे तेवढे दिसत होते, बाकी फुल्या. ते चार आकडे मुकुंदरावांचे नव्हते. हिमांशू गोकुळकडं वळला. "नंबर कुणी घेतला होता?"

"मी सर."

"कुठून?"

गोकुळनं टाय सारखा केला. खरं बोलायला एवढा एक श्वास पुरला असता. तो म्हणाला, "सरांनी सांगितला तोच घातला."

"खोटं आहे हे!" मुकुंदरावांचा आवाज आता फुटला. "माझा नंबर पंधरा वर्षं बदललेला नाही. तुम्ही मंडळींनी अंगावर आल्यावर कुणातरी बाईला बसवून हे रेकॉर्ड केलंय. हा मिस्त्री खोटा, ती मुलगी खोटी, आणि वर मलाच खोटं पाडताय?" चोराच्या उलट्या बोंबा त्यांनी बँकेत पुष्कळ ऐकल्या असतील, पण इतक्या गोड आवाजातली पहिलीच.

 दुसऱ्यांदा आवाज लागला तेव्हाच साहेबरावांनी मान खाली घातली होती, ती वर केली नाही. हिमांशूनं गिऱ्हाइकाला थंड करायचा एकच मार्ग काढला. साहेबरावांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि चौकशी होईपर्यंत त्यांचा पगार अडकवला.

तासाभरानं ते आपली पान्यांची पेटी सायकलला बांधत होते. गोकुळ मागं जाऊन उभा राहिला. 

"उस्ताद..."

साहेबरावांनी दोरीची गाठ मारली, ओढून बघितली. "आई बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. "आवाज ठणठणीत हाय अजून. बरं वाटलं ऐकून."

एवढं बोलून ते गेले. शिवी दिली असती तर गोकुळनं ती पोटभर खाल्ली असती. या माणसानं आवाज ओळखला होता, केबिनमध्ये नुसतं बोट दाखवलं असतं तर सुटला असता, आणि तो तोंड मिटून उभा राहिला. आपल्या घरच्या दोन जेवणांसाठी! गोकुळला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून तो हिमांशूच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "सर, तो आवाज माझ्या आईचा होता."

हिमांशूनं दार लावून घेतलं. "मला काय कळलं नाही असं वाटलं तुला? इथं सगळ्यांच्या आया-मावश्या फोन उचलतात. मार्च संपला, आपला स्कोर सत्त्याण्णव आहे. तू हे आता लिहून दिलंस तर तुझ्या एकट्याचं नाही, सगळ्यांचं जाईल. मेघाचं जाईल, वॉशिंगवाल्यांचं जाईल. बघ बाबा, ठरव."

गोकुळ बाहेर आला. गप्प बसायला आपल्याला कारण मिळालं म्हणून त्याला क्षणभर हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. दहा तारखेला सात हजार जमा झाले. तनुजा, त्याची बायको, म्हणाली, "या खेपेला पोरीची फी एकदम भरून टाकू." तो बरं म्हणाला.

आईचे फोन तो उचलत नव्हता. शेवटी रविवारी गावाला गेला आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सारजाबाई शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"म्या तुला सांगायला लागले व्हते. गाडी चालवू नका म्हणली व्हती ती पोरगी. तू फोन ठेवलास."

"व्हय."

"माझ्या तोंडानं त्या बाईचा हात मोडला."

"तुझ्या नाय आई, माझ्या..."

"गप ऱ्हा. अन् साहेबराव? त्यो घरी बसलाय?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती उठली, पायात चपला घातल्या. "चल. त्या बाईकडं चल आधी."

"आई, नोकरी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "पाना हातात धरायला शिकवलंय की साहेबरावानं तुला."

एसटीत अख्ख्या रस्त्यानं गोकुळ मनात वाक्यं जुळवत होता. आधी नमस्कार करायचा, मग यमुनाबाईंची विचारपूस, मग हळूच विषय काढायचा. उस्मानपुऱ्यात मुकुंदरावांच्या दाराची घंटा वाजवली तेव्हा ती सगळी वाक्यं त्याच्या तोंडावर तयार होती. दार मुकुंदरावांनीच उघडलं. गोकुळला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. तो नमस्कार करतोय तेवढ्यात सारजाबाई त्याच्या मागून बोलली.

"दादा, बाईचा हात कसा हाय आता? जेवण जातंय का त्यांना?"

मुकुंदरावांचा दारावरचा हात तसाच राहिला. ते सारजाबाईकडं बघत राहिले.

"तुम्ही," ते म्हणाले. "तुम्हीच त्या."

"व्हय दादा. म्याच ती."

आता वाक्यांची गरजच उरली नव्हती. जे राहिलं होतं ते गोकुळनं सांगितलं, खाली बघून, आपल्या गावाकडच्या बोलीत. "ही माझी आई. तुमचा नंबर मीच काढला अन् हिचा टाकला, मार्कांसाठी. ती मुलगी खरी बोलली. उस्तादांनी खरंच फोन करायला लावला व्हता, कुणी न सांगता. अन् नट आवळायच्या आत गाडी मीच हलवली."

"हे लिहून द्याल?"

"देतो."

मुकुंदरावांनी आतून कागद आणला. गोकुळनं तो दाराच्या चौकटीवर धरून लिहिला, सही केली, तारीख घातली. हा कागद कंपनीत पोचला की आपण उद्या त्या काचेच्या कुठल्याच बाजूला नसणार, हे त्याला ठाऊक होतं. मुकुंदरावांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला.

"त्या दिवशी मी केबिनमध्ये खोटा ठरत होतो," ते म्हणाले, "तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता. हातभर अंतरावर."

"व्हय."

"आणि तो मिस्त्री पलीकडं."

"व्हय."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आतून यमुनाबाई आल्या, गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सांभाळत. सारजाबाईनं तो हात बघितला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. यमुनाबाईंनी डाव्या हातानं तिचा दंड धरला आणि तिला आत नेऊन बसवलं. आत पाण्याचा तांब्या वाजला. गोकुळ चपला काढून दाराबाहेरच उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी त्याचा पाय उचलला नसता.